शाळेच्या हॉलात दहा मीटर एअर पिस्तूल : कोणती यंत्रणा घ्यावी आणि कशी शिकवावी, याच्या नोंदी

६ एप्रिल २०२५

पॅरिस ऑलिंपिकला स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ जिंकल्यापासून आमच्या भागातली पोरं नेमबाजीसाठी मागं लागली आहेत. तो राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, म्हणजे आमच्या बाजूचाच. त्याचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशन रायफलचा. त्याला .२२ रायफल, परवाना आणि तेवढी लांब सुरक्षित जागा लागते, ते आम्हाला झेपणारं नाही. दहा मीटर एअर पिस्तूल मात्र शाळेच्या हॉलात बसतं, आणि ४.५ मिमीच्या या पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही. संस्थेनं रविवार आणि रोजची संध्याकाळ दिली. ज्यांना आपल्या शाळेत हेच करायचं आहे त्यांच्या उपयोगासाठी या नोंदी ठेवतोय.

आज फक्त मोजमाप. फायरिंग लाइनपासून टार्गेटच्या तोंडापर्यंत १० मीटर, दहाच्या रिंगचा मध्य जमिनीपासून १ मीटर ४० सेंटीमीटर. एका खेळाडूला किमान एक मीटर रुंदी हवी. आम्ही सव्वा मीटर धरून चार लेन आखल्या. हॉलला मागच्या बाजूला एक दार आहे, ते टार्गेटच्या भिंतीत येतं. ते कायमचं बंद करून आतून फळ्या ठोकल्या. इथं तडजोड नको. कुलूप पुरेसं नाही, कारण किल्ली कुणाकडे तरी असतेच.

१३ एप्रिल

छर्रे अडवायच्या पेट्या पहिल्या खेपेला बिघडल्या. फॅब्रिकेटरनं आत पत्रा सरळ उभा लावला. सपाट तोंडाचा शिशाचा छर्रा उभ्या पत्र्यावर आपटला की चपटा होऊन मागं उडतो; चाचणीत एक तुकडा टेबलापाशी येऊन पडला. पत्रा वरून पुढे झुकलेला, ४५ अंशात हवा, म्हणजे छर्रा खाली वाळूच्या ट्रेमध्ये जातो. पेट्या परत नेल्या, वेल्डिंग तोडून पत्रे तिरके बसवले. चार पेट्यांना मिळून साडेनऊ हजार आणि जवळजवळ एक आठवडा गेला. ऑर्डर देताना कागदावर बाजूचं चित्र काढून द्या, तोंडी सांगू नका.

ट्रेमधलं शिसं हाताळलं की साबणानं हात धुवायचे आणि रेंजवर खाणं-पिणं नाही, हा नियम आजच फळ्यावर लिहिला. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. शिशाची धूळ नाकात जायला नको.

२० एप्रिल

पिस्तूल कोणतं घ्यायचं यावर आज खूप चर्चा झाली. बाजारात मुख्य यंत्रणा चार : स्प्रिंग, सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूची, एकदाच दाबून हवा भरायची सिंगल स्ट्रोक, आणि आधीच दाबून भरलेल्या हवेच्या सिलिंडरची, जिला सगळे पीसीपी म्हणतात.

स्प्रिंगचं पिस्तूल काही हजारांत मिळतं, म्हणून पालकांचा ओढा तिकडे. माझा विरोध आहे. ट्रिगर सुटल्यावर आतला पिस्टन जोरात पुढे धावतो आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत पिस्तूल आधी मागं, मग पुढं हिसका देतं. पकड जरा बदलली की ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा भोकांचा पुंजका, सरकतो. एकेकाळी फाइनवेर्कबाऊ ६५ सारखी स्प्रिंगचीच पिस्तुलं मोठ्या सामन्यांत चालत, पण त्यात तो हिसका गिळायची वेगळी सोय होती. स्वस्त पिस्तुलात ती नसते. शिकणाऱ्या पोराला चूक आपली की पिस्तुलाची हेच कळत नसेल, तर तो शिकणार काय?

पीसीपी सगळ्यांत उत्तम. धक्का जवळजवळ नाही, प्रत्येक शॉट सारखा. पण परदेशी नवं पिस्तूल दोन लाखांच्या घरात जातं. आमच्याकडे सध्या आहे ते असं : पुण्याच्या एका जुन्या खेळाडूनं दिलेलं सीओटू पिस्तूल, दोन वापरलेली सिंगल स्ट्रोक, आणि माझं स्वतःचं पीसीपी. आधी हीच तपासून घ्यायची असं ठरलं.

२७ एप्रिल

सीओटू बाद. का, ते सविस्तर लिहितो, कारण जुनं सीओटू पिस्तूल स्वस्तात मिळतंय म्हणून घ्यायचा मोह पुष्कळांना होतो.

सिलिंडरमध्ये सीओटू द्रव रूपात असतो आणि त्याचा दाब तापमानावर ठरतो. २० अंशाला साधारण ५७ बार, २५ अंशाला ६४. ३१ अंशांच्या वर तर तो द्रव राहतच नाही, आणि मग दाब किती चढेल ते सिलिंडर किती भरलाय त्यावर. आमच्या हॉलला पत्र्याचं छप्पर आहे. सकाळी सातला ग्रुप मधोमध होता, दुपारी बाराला तोच हात, तेच छर्रे, आणि ग्रुप जवळपास एक रिंग वर आणि पसरलेला. भराभर शॉट मारले की सिलिंडर गार पडतो आणि ग्रुप परत खाली येतो.

एका रिंगचं नुकसान सोसता येईल. खरं नुकसान वेगळंच आहे. पोरगं दर दहा शॉटला साइटचे, म्हणजे नेम धरायच्या खुणेचे, स्क्रू फिरवत बसलं. ज्याला अजून स्वतःच्या शॉटवर विश्वास नाही त्याचा साइटवरचाही विश्वास गेला. नव्वदच्या दशकात मोठ्या सामन्यांतले खेळाडू सीओटूवरून हवेच्या सिलिंडरकडे वळले. थंड देशांतल्या लोकांना ज्याचा त्रास व्हायचा, ते आपल्या एप्रिलमध्ये कसं चालेल?

११ मे

गावातले निवृत्त फौजदार काका शिकवायला येतो म्हणाले. आनंदच झाला, पण पहिल्याच दिवशी पद्धतीवरून वाद.

त्यांचं सगळं शिक्षण .३८ रिव्हॉल्व्हरवर झालेलं. रिव्हॉल्व्हर दोन तऱ्हेनं चालतं. अंगठ्यानं घोडा मागं ओढून ठेवला की ट्रिगर हलका आणि आखूड, ती सिंगल अॅक्शन. घोडा न ओढता सरळ ट्रिगर दाबला की तोच घोडा उचलतो, चक्री फिरवतो आणि सोडतो. ओढ लांब आणि कित्येक किलोंची, ती डबल अॅक्शन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या एनफिल्ड नंबर २ च्या एका प्रकारात तर घोड्याचा वरचा कान कापूनच टाकला होता, म्हणजे डबल अॅक्शनशिवाय पर्यायच नाही. काकांचं म्हणणं, “जड ट्रिगरवर बोट शिकलं की हलका ट्रिगर आपसूक येतोय बघा. उलटं कधी होत नाही.”

मला ते पटत नाही. पोलिसाला अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत गोळी चुकून सुटू नये म्हणून जड ट्रिगर कामाचा. फौजेतलं ९ मिमी १ए पिस्तूल सिंगल अॅक्शनच आहे, तिथं ती खबरदारी घोडा आणि सेफ्टी सांभाळण्यात असते. आमची गरज तिसरीच आहे. आमच्या पोरांना दिसत असलेली साइट न हलवता बोट एकटं चालवायला शिकायचंय.

वाद तोंडी मिटला नाही, म्हणून माझ्या पीसीपीचा ट्रिगर स्क्रू फिरवून जाईल तेवढा जड केला आणि रिकामं पिस्तूल सातवी-आठवीच्या पोरांच्या हाती दिलं. बोट एकटं वळेनाच. सगळी मूठ आवळली जायची आणि नळी खाली. “सर, लई जड आहे ओ,” असं एकेक जण म्हणायला लागला. ट्रिगर परत ५०० ग्रॅमच्या जरा वर आणला, तेव्हा बोट सुटं झालं. काकांनी स्वतः बघितलं आणि मान्य केलं.

पण त्यांची एक गोष्ट मी लगेच उचलली. नळीवर रिकामं काडतूस उभं ठेवून ट्रिगर दाबायचा, ते पडलं नाही पाहिजे. आम्ही काडतुसाऐवजी एक रुपयाचं नाणं ठेवतो. घरी पिस्तूल न्यायला परवानगी नाही, तेव्हा हे फक्त रेंजवर, आणि रिकाम्या पिस्तुलानंच. नळीत गवत कापायच्या यंत्राचा भगवा नायलॉन दोरा आरपार घातलेला असतो. दोरा दोन्हीकडून दिसल्याशिवाय कुणी टेबलाच्या पुढं जात नाही.

८ जून

शाळा सुरू होण्याआधी शिकवण्याचा क्रम ठरवला. नेहमीची रीत अशी, की पहिल्याच दिवशी काळ्या वर्तुळाचं टार्गेट लावायचं आणि स्कोअर लिहायचा. पालकांनाही तेच हवं असतं. आम्ही टार्गेट उलटं लावतो, कोरी पांढरी बाजू पुढं. कुठं नेम धरायचा तेच नाही, म्हणून डोळा फ्रंट साइटवर, म्हणजे नळीच्या टोकाकडच्या खुणेवर, थांबतो.

याचं कारण पोरांना पाठ्यपुस्तकासारखं सांगून भागत नाही, दाखवावं लागतं. टार्गेटच्या कार्डावर मोजून दाखवलं. आमच्या पिस्तुलावर पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३३ सेंटीमीटर अंतर आहे. पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली, तर १० मीटरवर शॉट ३० मिलिमीटर बाजूला पडतो. म्हणजे सात गुण. उलट साइट खाचेत नीट आहेत आणि अख्खा हातच एक सेंटीमीटर सरकला, तर शॉट एकच सेंटीमीटर सरकतो. म्हणजे नऊ. हात हलणारच, तो कुणाचाच पूर्ण थांबत नाही. पोरं सगळी ताकद हात थांबवण्यावर लावतात आणि साइटकडे दुर्लक्ष करतात. पट्टी लावून ३० मिलिमीटरची रेघ मारली तेव्हा एक मुलगी म्हणाली, “मग हाताकडे बघायचंच नाही होय?” तिला कळलं.

काळं वर्तुळ आल्यावरही साइट त्याच्या काठाला टेकवायची नाही. खाली पांढऱ्यात, थोड्या मोठ्या पट्ट्यात धरायची. काठाला टेकवायला गेलं की डोळा काठावर जातो.

२९ जून

सिंगल स्ट्रोकचा हवा दाबायचा लिव्हर लहान पोरांना ओढवत नाही. हवा मात्र दर वेळी तेवढीच भरते, त्यामुळे शॉट सारखे येतात, सिलिंडर नको, पंप नको. प्रश्न ताकदीचा आणि सुरक्षेचा. जोर लावताना नळी शेजारच्या लेनकडे वळते. एकदा वळली, तिथंच सराव थांबवला. सुतारमामांकडून टेबलाला सागवानी ठोकळे बसवून घेतले, त्यात खाच. नळी खाचेत ठेवूनच लिव्हर ओढायचा. आणि लहान मुलांना मोठा मुलगा शेजारी उभा राहून भरून देतो. तो पिस्तूल टेबलावर ठेवतो, तोंड टार्गेटकडे, आणि मुलगी ते टेबलावरून उचलते. हातातून हातात भरलेलं पिस्तूल द्यायचं नाही, कधीच.

२० जुलै

पाऊस लागलाय आणि पीसीपीनं दगा दिला.

सिलिंडर भरायला हातपंप घेतला होता. २०० बार भरायला घाम निघतो, पण भरतो. दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं, आणि पंपाचा सुकवणारा भाग या हवेला पुरत नाही. ओलावा रेग्युलेटरपर्यंत, म्हणजे दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागापर्यंत, गेला, दाब हळूहळू चढायला लागला आणि पहिला शॉट बाकीच्यांपेक्षा वेगळा पडू लागला. पिस्तूल पुण्याला दुरुस्तीला गेलं. दुरुस्तीपेक्षा जास्त जीवावर आलं ते वाट बघणं, महिना जाणार.

मधल्या काळात दोन जणांनी सुचवलं की वेल्डरकडचा किंवा दवाखान्यातला ऑक्सिजन भरू. हे कुणी चुकूनही करू नये. इतक्या दाबाच्या ऑक्सिजनला आतलं थोडं वंगण लागलं तरी पेट घेतो, हातात स्फोट होतो. साधी हवा भरतानाही सिलिंडरच्या तोंडाला तेल लावायचं नाही.

उपाय घाटाखाली सापडला. मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग चालतं, त्यांना श्वासासाठी कोरडी, गाळलेली हवाच भरावी लागते. चाचणीची तारीख चालू असलेला एक स्कूबा सिलिंडर आणि पिस्तुलाला जोडायचा अडॅप्टर घ्यायचं ठरवलं. पिस्तुलाचा सिलिंडर एवढासा, त्यामुळे एका स्कूबा सिलिंडरवर बरेच दिवस निघतात. फक्त मोठ्यातला दाब जसजसा उतरतो तसतसं लहान सिलिंडर २०० पर्यंत भरत नाही, तेव्हा वहीत दाब लिहून ठेवायचा.

पिस्तुलाच्या सिलिंडरवरची तारीखही बघा. बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर वापरायचा नाही. जुनं पिस्तूल घेताना सगळ्यात आधी हेच विचारा, कारण नव्या सिलिंडरचा खर्च किमतीत धरावा लागतो.

१७ ऑगस्ट

लहानांचं पिस्तूल दुसऱ्यानं भरायचं ही अडचण होती, तिचाच आज उपयोग झाला. भरणाऱ्या मुलाला मी खुणेनं सांगतो : हा शॉट भरलेला, हा रिकामा. लिव्हरची हालचाल दोन्ही वेळा तो करतो, पण मधेच हवा न दाबता बंद करतो. नेम धरणाऱ्या मुलीची पाठ तेव्हा वळलेली असते.

आठवीतली एक मुलगी, कोऱ्या टार्गेटवर छान ग्रुप मारणारी, काळं वर्तुळ आल्यापासून सारखी खाली-डावीकडे मारत होती. तिला वाटत होतं साइट बिघडली. रिकाम्या शॉटला ट्रिगर खटकन वाजला आणि नळीचं तोंड बोटभर खाली गेलं. हवेचा आवाज नाही, छर्रा नाही, तरी हात झटकला. ती स्वतःच बघत राहिली. मी काही बोललो नाही. पुढच्या काही शॉटांनंतर रिकाम्यावर नळी जागची हलेना, तेव्हा भरलेले दिले आणि ग्रुप आपोआप वर सरकला. बोलून हे समजावायला मला महिना लागला असता.

याच्याबरोबर दुसरी सवय : साइट नीट बसल्यावर पाच-सात सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली. पोरं हात खाली घ्यायला लाजतात, त्यांना ती हार वाटते. म्हणून हात खाली घेणाऱ्याचं नाव मी मोठ्यानं घेऊन शाबासकी देतो.

२१ सप्टेंबर

पुण्याहून पिस्तूल आलं. त्यावरून पुन्हा चर्चा : पुढचं पीसीपी घेताना ट्रिगर यांत्रिक की इलेक्ट्रॉनिक? इलेक्ट्रॉनिक ट्रिगर सुंदर असतो, काचेची काडी मोडावी तसा सुटतो, आणि ड्राय, म्हणजे छर्रा न भरता करायच्या, सरावाला उत्तम. पण टोकियो ऑलिंपिकला २५ जुलै २०२१ रोजी मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीत मध्येच बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला, आणि ५७५ गुण मारूनही ती बारावी राहिली, पहिल्या आठात नाही. तीन वर्षांनी पॅरिसला तिनं दोन ब्राँझ घेतली, तो तिचा जिगर. दिल्ली-पुण्यात मेकॅनिक मिळतो. आमच्या तालुक्यात सर्किट बिघडलं तर कोण बघणार? माझं मत स्पष्ट आहे, गावातल्या रेंजला यांत्रिक ट्रिगर. स्क्रू आणि स्प्रिंग आम्हाला उघडता येतात.

१२ ऑक्टोबर

जिल्हा स्पर्धेआधी ट्रिगरचं वजन तपासलं. एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम. नळी उभी धरून ट्रिगरला वजन लटकवायचं आणि पिस्तूल सावकाश वर उचलायचं. वजन उचललं गेलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. किराणा दुकानातलं ५०० ग्रॅमचं शिक्क्याचं माप आणलं, पण त्याला तारेचा आकडा लावल्यावर आकड्याचंही वजन धरावं लागतं. काट्यावर मोजून तार कापली. तपासताना पिस्तुलात हवा भरलेली हवी, छर्रा नको. हवेशिवाय पास झालेलं आमचं एक सिंगल स्ट्रोक हवा भरल्यावर नापास झालं. स्क्रू अर्धा फेरा फिरवून ५२० च्या आसपास ठेवलं, कारण प्रवासात स्क्रू हलतो.

उन्हं आत येतात तेव्हा फ्रंट साइट चमकते. त्यावर कापराची काजळी धरली. काका म्हणाले, पूर्वी सगळे हेच करत. काजळी धरताना नळी आणि सिलिंडर वेगळे करा.

१६ नोव्हेंबर

मुलींना २५ मीटर पिस्तूल खेळायचंय. राही सरनोबत कोल्हापूरची, २०१८ च्या एशियन गेम्समध्ये याच प्रकारात सुवर्ण. नेमबाजीत ते जिंकणारी पहिली भारतीय महिला. त्यामुळे हा हट्ट येणारच होता. .२२ अर्धस्वयंचलित पिस्तूल, १००० ग्रॅमचा ट्रिगर, परवाना, २५ मीटरची रेंज, यातलं काही आमच्याकडे नाही. पण त्यातला रॅपिड भाग एअर पिस्तुलावर शिकवता येतो : हात ४५ अंशात खाली, टार्गेट तीन सेकंद समोर, एक शॉट, मग सात सेकंद नाही.

वायरमनकडून टार्गेटशेजारी लाल-हिरवे दिवे आणि टायमर बसवून घेतला. पहिला टायमर स्वस्तातला होता, सात सेकंदांचे कधी सहा, कधी आठ. पोरं दिव्याचा अंदाज घेऊन हात आधीच उचलू लागली. तो काढून डिजिटल रिले लावला, अकराशे रुपये. सध्या छर्रा न भरता फक्त उचलणं आणि साइट तिसऱ्या सेकंदाच्या आत खाचेत बसवणं चालू आहे. चार लेनपैकी दोनच या सरावाला दिल्यात, कारण दिवे लागले की शेजारच्या कोऱ्या टार्गेटवाल्यांचं लक्ष उडतं. मधे उभा करायला प्लायचा पडदा सुतारमामांना सांगितलाय.